प्रादेशिक गणित संस्था आणि प्राध्यापकांची मानद सेवा : परंपरा, स्वरूप व प्रश्न

सारांश

गणिताच्या प्रादेशिक व्यावसायिक संस्था पगारी नोकरवर्गावर नव्हे, तर प्राध्यापक व शिक्षकांनी विनावेतन दिलेल्या वेळेवर चालतात. या सेवेचा दृश्य भाग म्हणजे परिषदा, व्याख्याने आणि पदे. तिचा अदृश्य भाग म्हणजे पत्रांना उत्तरे देणे, हस्तलिखिते वाचणे, हिशेब ठेवणे आणि कार्यभार नीट सुपूर्द करणे. संस्थेचे आयुष्य मुख्यतः या दुसऱ्या भागावर अवलंबून असते, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. त्यासाठी एडिंबरो येथील संस्था (१८८३), इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीचा आरंभकाळ (१९०७ ते १९१३) आणि अमेरिकेतील मॅथेमॅटिकल असोसिएशनचे प्रादेशिक विभाग यांचा आधार घेतला आहे. अखेरीस महाराष्ट्रातील महाविद्यालयीन प्राध्यापकांच्या दृष्टीने काही उपाय सुचविले आहेत.

बीजशब्द : गणित संस्था, मानद सेवा, संपादन, आजीव वर्गणी, कार्यभार हस्तांतर.

१. प्रस्तावना

तालुक्याच्या ठिकाणी असलेल्या अनेक महाविद्यालयांत गणित विभाग एका किंवा दोन प्राध्यापकांचा असतो. इतिहासाचा किंवा मराठीचा प्राध्यापक आपल्या विषयाविषयी सहकाऱ्यांशी, वाचकांशी, गावातील जाणत्या मंडळींशीही बोलू शकतो. गणिताच्या प्राध्यापकाला ती सोय नसते. समाकलनावरील एखादी शंका, अभ्यासक्रमातील एखादी विसंगती किंवा स्वतःला सुचलेले एखादे लहानसे प्रमेय घेऊन त्याने जावे कोठे? विद्यापीठाचा विभाग दूर असतो, राष्ट्रीय परिषदा वर्षातून एकदा भरतात आणि संशोधनपत्रिकांचे संपादक अपरिचित असतात. व्यक्ती आणि राष्ट्रीय पातळी यांमधील ही पोकळी भरून काढणे हे प्रादेशिक संस्थेचे काम होय.

ही संस्था कोण चालवते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. संस्थेचे वार्तापत्र येते, परिषदेचे निमंत्रण येते, स्पर्धेचे निकाल लागतात. ही सर्व कामे कोणी तरी आपले अध्यापन, परीक्षा आणि उत्तरपत्रिकांची तपासणी सांभाळून केलेली असतात. या सेवेचे स्वरूप काय, तिची परंपरा कोणती आणि ती आज कोणत्या अडचणींत सापडली आहे, याचे विवेचन करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

२. परंपरा : शिक्षकांनी उभारलेल्या संस्था

गणित संस्था थोर संशोधकांनी स्थापन केल्या असाव्यात, असा सर्वसाधारण समज आहे. इतिहास थोडा वेगळा आहे. एडिंबरो मॅथेमॅटिकल सोसायटी १८८३ साली स्थापन झाली. तिच्यासाठी परिपत्रक काढणाऱ्या तिघांपैकी कारगिल नॉट हे विद्यापीठातील भौतिकशास्त्राचे साहाय्यक होते, तर बार्कले आणि फ्रेझर हे शाळेतील शिक्षक होते. पहिले अध्यक्ष जे. एस. मॅके हेही एडिंबरो अकॅडमी या शाळेत गणित शिकवीत. आरंभीच्या सभासदांत शाळाशिक्षकांचे प्रमाण मोठे होते आणि संस्थेच्या कार्यवृत्तातील भूमितीविषयक लेखांवर त्याची छाप दिसते. पुढे व्हिटेकर यांच्या काळात, १९१३ साली, याच संस्थेने उन्हाळी व्याख्यानसत्र भरविले आणि १९२६ पासून सेंट अँड्र्यूज येथील सत्रांची परंपरा सुरू झाली. शिक्षकांनी उभारलेल्या संस्थेतून संशोधनाचे व्यासपीठ घडू शकते, याचे हे उदाहरण आहे.

अमेरिकेतील मॅथेमॅटिकल असोसिएशनचा जन्मही अशाच प्रकारे झाला. बेंजामिन फिंकेल या मिसूरीतील शिक्षकाने १८९४ साली अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली हे मासिक सुरू केले. महाविद्यालयीन गणिताला वाहिलेल्या या मासिकाची जबाबदारी घेण्याचे अमेरिकन मॅथेमॅटिकल सोसायटीने नाकारले. तेव्हा डिसेंबर १९१५ मध्ये कोलंबस येथे स्वतंत्र संस्था स्थापन करण्यात आली. या संस्थेची वीण आजही प्रादेशिक आहे. तिचे २९ विभाग आहेत आणि प्रत्येक विभागाचे अधिवेशन, पदाधिकारी व नियमावली वेगळी आहे. अधिवेशने बहुधा एखाद्या महाविद्यालयाच्या आवारात भरतात आणि तेथील प्राध्यापकच यजमान असतात.

३. भारतीय उदाहरण : एका पत्रापासून जर्नलपर्यंत

आपल्याकडील उदाहरण अधिक बोलके आहे. व्ही. रामस्वामी अय्यर (१८७१–१९३६) हे मद्रास इलाख्यातील गुत्ती येथे उपजिल्हाधिकारी होते. भूमितीवर त्यांचे प्रेम होते, परंतु जवळपास ग्रंथालय नव्हते आणि परदेशी नियतकालिके एकट्याने मागविणे परवडण्यासारखे नव्हते. डिसेंबर १९०६ मध्ये त्यांनी गणितप्रेमी मित्रांना पत्र पाठवून एक साधी योजना मांडली : सर्वांनी वर्गणी काढावी, त्या पैशांतून नियतकालिके व ग्रंथ घ्यावेत आणि ते टपालाने सभासदांत फिरवावेत. एप्रिल १९०७ मध्ये २० सभासदांनिशी ‘ॲनालिटिक क्लब’ सुरू झाला. लवकरच त्याचे नाव ‘इंडियन मॅथेमॅटिकल क्लब’ झाले आणि १९१० साली नवी घटना स्वीकारल्यावर ‘इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटी’ हे नाव रूढ झाले. बी. हनुमंतराव हे पहिले अध्यक्ष होते. संस्थेचे मुख्यालय पुण्यात होते आणि तिचे ग्रंथालय फर्ग्युसन महाविद्यालयात ठेवण्यात आले. त्या वेळी रँग्लर र. पु. परांजपे तेथे प्राचार्य होते. पहिल्या वर्षांत संस्थेने प्रगतिवृत्ते काढली आणि १९०९ पासून त्यांना जर्नलचे रूप आले. पहिली परिषद १९१६ साली मद्रास येथे व दुसरी १९१९ साली मुंबईत भरली.

नाव ‘इंडियन’ असले तरी आरंभीची संस्था व्यवहारात दक्षिण व पश्चिम भारतातील गणितप्रेमींचे मंडळच होती. अध्यापक, महसूल अधिकारी, लेखाधिकारी असे तिचे सभासद होते. गणित हा त्यांतील अनेकांचा चरितार्थ नव्हता. ग्रंथांचे गठ्ठे बांधणे, ते परत आले की नाही याची नोंद ठेवणे, वर्गणीची आठवण करणे ही कामे या मंडळींनी नोकरी सांभाळून केली.

या कामाचे मोल १९१० ते १९१३ या काळात दिसून आले. महाविद्यालयीन परीक्षेत अनुत्तीर्ण झालेला आणि नोकरीच्या शोधात असलेला एक तरुण आपल्या वह्या घेऊन तिरुक्कोयिलूर येथे रामस्वामी अय्यर यांच्याकडे गेला. त्याला महसूल खात्यात कारकुनाची जागा हवी होती. रामस्वामींनी वह्या पाहिल्या आणि या माणसाला कारकुनी देणे योग्य नाही, असे ठरवून त्याला मद्रासमधील परिचितांकडे पाठविले. तेथून शेषू अय्यर आणि नेल्लोरचे जिल्हाधिकारी आर. रामचंद्रराव यांच्यापर्यंत तो पोचला. रामचंद्ररावांनी काही काळ त्याला दरमहा आर्थिक साहाय्य केले. हा तरुण म्हणजे श्रीनिवास रामानुजन. १९१२ साली मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये त्याला कारकुनाची नोकरी मिळाली, तेव्हा तेथील प्रमुख लेखापाल एस. नारायण अय्यर हेही गणिताचे जाणकार आणि या वर्तुळातीलच होते. एका माणसाने दुसऱ्याला लिहावे, दुसऱ्याने तिसऱ्याकडे पाठवावे, ही साखळी संस्थेमुळे आधीच तयार होती.

याहून महत्त्वाचे काम संपादकाने केले. जर्नलचे संपादक एम. टी. नारायणियंगार बंगळूरच्या सेंट्रल कॉलेजमध्ये गणिताचे प्राध्यापक होते. रामानुजनचे लेखन अत्यंत त्रोटक असे. पद्धती नव्या होत्या, मधल्या पायऱ्या गाळलेल्या असत आणि सामान्य वाचकाला ते समजणे कठीण होते, असे नारायणियंगारांनी नोंदविले आहे. असे हस्तलिखित नाकारणे सोपे होते. संपादकांनी ते स्वीकारले, शुद्ध करून घेतले आणि बर्नुली संख्यांवरील रामानुजनचा पहिला शोधनिबंध १९११ साली जर्नलमध्ये प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी प्रश्नसदरात २८९ क्रमांकाचा प्रश्न आला. त्यात वर्गमूळाच्या आत वर्गमूळ अशी न संपणारी मालिका होती : सर्वांत बाहेरच्या वर्गमूळाखाली १ अधिक २ पट पुढील वर्गमूळ, त्याखाली १ अधिक ३ पट पुढील वर्गमूळ आणि याच क्रमाने पुढे. तीन अंक निघून गेले तरी कोणाही वाचकाकडून उत्तर आले नाही. अखेर प्रश्नकर्त्यानेच उत्तर दिले. त्या मालिकेची किंमत ३ आहे. जवळजवळ ६० प्रश्न त्याने या सदरासाठी पाठविले.

येथे एक सावधगिरी बाळगणे आवश्यक आहे. संस्थेने रामानुजन घडविला, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. प्रतिभा संस्थांमुळे निर्माण होत नाही. पण अनोळखी माणसाचे हस्तलिखित वाचण्यास कोणी तरी तयार असणे, ते समजू शकेल अशा माणसाकडे पाठविता येणे आणि छापण्यासाठी एक नियतकालिक हाताशी असणे, या तीन गोष्टी संस्थेमुळे शक्य झाल्या. १९१३ च्या आरंभी रामानुजनने हार्डी यांना पत्र लिहिले, तेव्हा या जर्नलमधील त्याचे लेखन प्रसिद्ध झालेले होते. १९०७ साली वर्गणी गोळा करणाऱ्या कोणालाही याची कल्पना असणे शक्य नव्हते. मानद सेवेचे फळ कोणाला व केव्हा मिळेल हे सेवा करणाऱ्याला ठाऊक नसते, हेच तिचे वैशिष्ट्य होय.

४. सेवेचे प्रकार

प्रादेशिक संस्थेतील कामांची विभागणी पुढीलप्रमाणे करता येईल.

(अ) पत्रव्यवहार व संपर्क : सचिवाचे प्रमुख काम सभा बोलाविणे हे मानले जाते. प्रत्यक्षात त्याचा बराचसा वेळ उत्तरे देण्यात जातो. नव्या प्राध्यापकाने सभासदत्वाविषयी विचारणा केली आणि दोन महिने उत्तर गेले नाही, तर तो पुन्हा विचारीत नाही. त्याला संस्था बंद पडली असे वाटते, आणि त्याच्यापुरते ते खरेही असते.

(आ) संपादन व परीक्षण : परीक्षकाने लेख ‘स्वीकारावा’ किंवा ‘नाकारावा’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. सिद्धतेतील कोणती पायरी अपुरी आहे, निष्कर्ष पूर्वी ज्ञात आहे काय, उदाहरण कोठे हवे, हे लेखकाला समजेल अशा शब्दांत सांगणे म्हणजे परीक्षण. ग्रामीण महाविद्यालयातील नवोदित संशोधकासाठी असा अभिप्राय हाच अनेकदा एकमेव मार्गदर्शक असतो. प्रश्नसदर चालविणे हेही याच वर्गातील काम आहे. प्रश्न निवडणे, आलेल्या उत्तरांतील चुका शोधणे आणि अचूक उत्तर देणाऱ्यांची नावे न चुकता छापणे यासाठी कष्ट फार लागतात, पण वाचक जोडण्याचे याहून प्रभावी साधन नाही.

(इ) हिशेब व नोंदी : वर्गणीच्या पावत्या, बँकेतील व्यवहार, सभासदांची अद्ययावत यादी, सभांची इतिवृत्ते आणि वार्षिक लेखापरीक्षण. हे काम गणिताचे वाटत नाही, म्हणून टाळले जाते. त्याचे परिणाम पुढे पाहू.

(ई) परिषदा व व्याख्याने : यजमान महाविद्यालयातील प्राध्यापकांवर निवास, भोजन, सभागृह आणि निधी यांचा भार पडतो. २०२० नंतर दूरस्थ व्याख्यानांची सवय झाल्याने दूरच्या सभासदांना प्रवासाविना सहभागी होता येते. मात्र चहाच्या वेळी होणारी ओळख, फळ्यापाशी उभे राहून केलेली चर्चा यांची जागा ही सोय घेऊ शकत नाही.

(उ) स्पर्धा व शाळांशी संबंध : राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळाच्या पुढाकाराने १९८६ पासून देशात गणित ऑलिंपियाडची राष्ट्रीय स्पर्धा होऊ लागली. भारताचा संघ १९८९ साली प्रथम आंतरराष्ट्रीय स्पर्धेत उतरला आणि १९९६ ची आंतरराष्ट्रीय स्पर्धा मुंबईत झाली. या रचनेत प्रादेशिक टप्प्याला मोठे महत्त्व राहिले आहे. परीक्षा केंद्रे मिळविणे, उत्तरपत्रिका तपासणे, निवडलेल्या मुलांना शिकविणे ही कामे त्या त्या प्रदेशातील प्राध्यापक व शिक्षकांनी केली. तसेच १९६५ साली मद्रास येथे स्थापन झालेल्या असोसिएशन ऑफ मॅथेमॅटिक्स टीचर्स ऑफ इंडिया या संस्थेनेही शालेय शिक्षकांना या कार्याशी जोडले.

५. संस्था का थांबतात?

प्रादेशिक संस्था वादामुळे बंद पडतात, असे मानले जाते. वादाहून अधिक सामान्य कारण म्हणजे एकाच व्यक्तीवरील अवलंबन. एखादे निष्ठावान सचिव पंधरा-वीस वर्षे सर्व कामे स्वतः करतात. सभासदांची यादी त्यांच्या वहीत, जुने अंक त्यांच्या घरातील कपाटात आणि बँकेच्या सहीचा अधिकार त्यांच्याकडे. त्यांच्या निष्ठेविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांची बदली, निवृत्ती किंवा आजारपण आले की संस्था एका दिवसात मुकी होते. ज्याच्या निष्ठेमुळे संस्था टिकली, त्याच निष्ठेमुळे तिचा वारसा तयार झाला नाही, असा हा विरोधाभास आहे.

दुसरे कारण आर्थिक आहे आणि ते साध्या अंकगणिताचे आहे. अनेक संस्था आजीव वर्गणी घेतात. उदाहरणादाखल आजीव वर्गणी १,००० रुपये धरली आणि ती मुदत ठेवीत ठेवून ७ टक्के व्याज मिळाले, तर एका सभासदामागे वर्षाला ७० रुपये मिळतात. वार्तापत्राची छपाई व टपाल यांवर सभासदामागे ८० रुपये खर्च होत असेल, तर प्रत्येक आजीव सभासद संस्थेला दरवर्षी १० रुपयांचा तोटा देतो आणि सभासद जितके वाढतील तितका तोटा वाढतो. मूळ रक्कमच परिषदेच्या खर्चासाठी वापरली, तर व्याजही उरत नाही आणि सेवा देण्याचे दायित्व मात्र आजीव राहते. तेव्हा सभासदसंख्या वाढली म्हणून समाधान मानण्यापूर्वी हे गणित कोषाध्यक्षाने सभेपुढे मांडणे आवश्यक आहे.

तिसरे कारण कायदेशीर आहे. महाराष्ट्रात अशा संस्था सर्वसाधारणपणे संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये नोंदविल्या जातात आणि सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० त्यांना लागू होतो. या दुसऱ्या अधिनियमाच्या कलम २२ नुसार विश्वस्तांत किंवा नोंदलेल्या तपशिलांत बदल झाल्यास ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयाकडे तो कळवावा लागतो. निवडणूक झाली, अभिनंदनाचा ठराव झाला, पण बदल अर्ज दिला गेला नाही, असे अनेकदा घडते. काही वर्षांनी बँक, धर्मादाय कार्यालय किंवा अनुदान देणारी संस्था कागद मागते, तेव्हा अभिलेखावर दिवंगत व्यक्तींची नावे असल्याचे लक्षात येते. मग मागील प्रत्येक निवडणुकीचे इतिवृत्त शोधत बसावे लागते.

चौथे कारण कामाच्या वाटणीत आहे. व्यासपीठावरील पदे ज्येष्ठांकडे, तर नोंदणी, निवास आणि पाहुण्यांचे स्वागत ही कामे कनिष्ठ प्राध्यापकांकडे, विशेषतः प्राध्यापिकांकडे, असा परिपाठ पुष्कळ ठिकाणी आढळतो. वर्षानुवर्षे केवळ स्वागताचे काम केलेल्या व्यक्तीला संपादनाचा किंवा हिशेबाचा अनुभव मिळत नाही आणि पुढे ‘अनुभवी उमेदवार नाहीत’ अशी तक्रार केली जाते.

६. मूल्यमापनाचा प्रश्न

प्राध्यापकांचा एक रास्त आक्षेप असा की, या कामाची दखल पदोन्नतीच्या वेळी कोण घेतो? विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१० च्या विनियमांत शैक्षणिक कामगिरी निर्देशांकाची पद्धत आली. त्यात व्यावसायिक विकासाच्या बाबींमध्ये परिसंवाद, अल्पमुदतीचे अभ्यासक्रम, व्याख्याने यांच्या जोडीला संस्थांच्या सभासदत्वाचा उल्लेख होता. या सर्वांसाठी मिळून कमाल १५ गुणांची मर्यादा होती. नोंद सभासदत्वाची होती. सभासद होऊन काय केले, याला स्वतंत्र स्थान नव्हते. वर्गणी भरणारा आणि दहा वर्षे प्रश्नसदर चालविणारा हे दोघे त्या रकान्यात सारखेच ठरत. २०१८ च्या विनियमांनी ही पद्धत बदलली. तथापि परीक्षणासारखे नाव गुप्त ठेवून करावयाचे काम तक्त्यात बसविणे मुळातच कठीण आहे.

सेवेमुळे संशोधनाचा वेळ जातो, हा दुसरा आक्षेप. तो खोटा नाही. वेळ जातोच. परंतु संस्थेचे काम संशोधन न करणाऱ्यांसाठी आहे, हा त्यातून काढला जाणारा निष्कर्ष चुकीचा आहे. रामानुजनचे पत्र ओळखणारे जी. एच. हार्डी हे १९१७ ते १९२६ या काळात लंडन मॅथेमॅटिकल सोसायटीचे एक सचिव होते. दोनदा अध्यक्षपद भूषविल्यानंतर १९४१ ते १९४५ या काळात त्यांनी पुन्हा सचिवपद स्वीकारले. अध्यक्षपदानंतर सचिवपद घेण्यात त्यांना कमीपणा वाटला नाही, ही गोष्ट आपल्या मंडळांनी लक्षात घेण्यासारखी आहे.

७. काही सूचना

वरील विवेचनाच्या आधारे पुढील सूचना करता येतील.

१) पदांची मुदत ठरवावी व ती एकाच वेळी संपू नये. कार्यकारिणीची मुदत तीन वर्षे ठेवून दरवर्षी एक-तृतीयांश सदस्य निवृत्त केले, तर कोणत्याही वर्षी दोन-तृतीयांश सदस्य अनुभवी असतात. अमेरिकेतील अनेक प्रादेशिक विभागांत भावी अध्यक्ष आधीच निवडला जातो आणि निवृत्त अध्यक्ष काही काळ समितीत राहतो. उद्देश हाच.

२) कामाचे लहान तुकडे करावेत. ‘सचिव व्हा’ म्हटले की तरुण प्राध्यापक मागे सरतो. ‘वर्षभरात दोन लेखांचे परीक्षण करा’, ‘एका जिल्ह्यातील सभासदांची यादी तपासा’ असे म्हटले तर तो सहसा नाही म्हणत नाही.

३) प्रत्येक पदाची एक कार्यवही असावी. कोणत्या महिन्यात कोणते काम, कोणत्या कार्यालयात कोणता अर्ज, कोणत्या खात्यावर कोणाच्या सह्या, हे तीत लिहिलेले असावे. नव्या पदाधिकाऱ्याने वही, शिक्के, पावतीपुस्तके व संगणकीय अभिलेख मिळाल्याची लेखी पोच द्यावी.

४) आजीव वर्गणीचा निधी वेगळा ठेवावा आणि त्याच्या मुद्दलास हात लावावयाचा झाल्यास सर्वसाधारण सभेचा ठराव आवश्यक करावा.

५) निवडणुकीनंतरच्या पहिल्याच सभेत बदल अर्जाचा विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा आणि तो दाखल केल्याचा दिनांक इतिवृत्तात नोंदवावा.

६) कामे आलटून पालटून द्यावीत. ज्यांनी एका वर्षी नोंदणीकक्ष सांभाळला, त्यांना पुढील वर्षी सत्राचे अध्यक्षपद किंवा संपादनाचे काम द्यावे.

७) परीक्षकांची नावे लेखाशी न जोडता वर्षाअखेरीस एकत्रित आभारयादीत छापावीत आणि सेवेचे प्रमाणपत्र देताना कामाचे स्वरूप व कालावधी स्पष्ट लिहावा. महाविद्यालयांनीही अशा कामासाठी कर्तव्यरजा नाकारू नये.

८. समारोप

प्रादेशिक गणित संस्था ही मोठ्या संस्थेची लहान प्रतिकृती नव्हे. ती ज्या प्रदेशात असते, तेथील एकट्या पडलेल्या अभ्यासकाला दुसऱ्या अभ्यासकाशी जोडणे हे तिचे स्वतंत्र कार्य आहे. गुत्तीतील एका अधिकाऱ्याला नियतकालिके मिळत नव्हती, म्हणून सुरू झालेल्या मंडळाने एका कारकुनाचे गणित छापले. दोन्ही वेळी गरज एकच होती : आपल्या विषयाचा दुसरा माणूस सापडणे.

आज नियतकालिके संगणकावर मिळतात. ती गरज मात्र संपलेली नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात नव्याने रुजू झालेल्या प्राध्यापकाने पाठविलेला पहिला लेख कोणी तरी काळजीपूर्वक वाचावा, त्यातील चूक त्याला न दुखविता दाखवावी आणि तो सुधारून परत मागवावा, हे आजही माणसानेच करावयाचे काम आहे. त्यासाठी संस्थेची वर्गणी भरणे पुरेसे नाही. येत्या सर्वसाधारण सभेत एखादे लहान काम मागून घेणे आणि ते वेळेत पूर्ण करून पुढच्याच्या हाती देणे, एवढी अपेक्षा प्रत्येक सभासदाकडून करावयास हरकत नाही.